फिकट पट्टीच्या खुर्चीचा सिनेमा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. तुमच्या घरी असते तशीच. दोन हात, चार पाय आणि पाठीला पाच उभ्या पट्ट्या. माझी ओळख पटवायची असेल तर त्या पट्ट्या मोजा. चार गडद आहेत आणि मधली एक फिकट. ती फिकट पट्टी नसती तर मी आज तुमच्याशी बोलत नसते, कुठल्यातरी माळ्यावर पाय वर करून पडलेली असते. खोटं वाटत असेल तर ऐका. आणि ऐकताना नीट बसा, मागच्या दोन पायांवर झुलू नका. आमच्या गुडघ्यांना ते सोसत नाही.

मला एका सुताराने घडवलं, पण गिऱ्हाइकासाठी नाही, स्वतःच्या बायकोसाठी. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. पुढे कारखाना आणि मागे दोन खोल्यांचं घर. बायकोच्या पायाला जमिनीवर बसलं की मुंग्या यायच्या. म्हणून सुताराने गिऱ्हाइकांच्या कामातून उरलेले सागवानाचे तुकडे गोळा केले आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मला करायला घेतलं. हात झाले, पाय झाले, पाठीची चौथी पट्टी बसली आणि सागवान संपलं. मग पाचवी पट्टी एका जुन्या खोक्याच्या फळीतून काढली. बायकोने मला पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

"हिला तर आत्ताच पांढरी बट आलीय," ती म्हणाली.

"पुढच्या महिन्यात बदलतो," सुतार ओशाळून म्हणाला. तो पुढचा महिना अजून उजाडलेला नाही.

पण तिचा माझ्यावर जीव जडला. भाजी निवडणं, फाटलेलं शिवणं, दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणं, सगळं माझ्यावर बसून. त्यांना मुलगी झाली. ती मुलगी माझा पाय धरूनच पहिल्यांदा उभी राहिली. तिच्या चार दातांचे ठसे माझ्या डाव्या हातावर अजून आहेत. ती शाळेत जायला लागली त्या वर्षी तिची आई आजारी पडून गेली. त्यानंतर कित्येक दिवस सुतार संध्याकाळी काम आटोपून माझ्यावर येऊन बसायचा आणि काही बोलायचा नाही. मी तरी काय बोलणार? मी त्याचं वजन पेललं. मला तेवढंच येत होतं आणि मी ते मनापासून केलं.

पुढे वर्षं गेली आणि माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडू लागला. कोणी मुद्दाम वाईट वागलं असं नाही. घरातली रोजची वस्तू हळूहळू दिसेनाशी होते, एवढंच. डोळ्यांसमोर असते आणि दिसत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा मित्रांनो, पुढे लागणार आहे.

ती मुलगी मोठी झाली आणि चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. लोकांचे डोळे तपासायचे, भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगायची, भिंगं बदलून बदलून विचारायचं, "आता? आणि आता?" सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणते. या ताईच्या डोक्यात एकच वेड होतं. तिला गुन्ह्याचा सिनेमा करायचा होता. खून, तपास, संशय आणि शेवटी सापडणारा खुनी. दिवसभर माणसांच्या डोळ्यांत बघून तिची खात्री झाली होती की खोटं बोलणारा माणूस डोळ्यांत आधी सापडतो. तेच तिला पडद्यावर दाखवायचं होतं.

आता सिनेमा म्हटला की लागतं सगळंच आणि आमच्याकडे होतं काहीच नाही. कॅमेरा एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून मागून आणलेला. सुट्टी फक्त रविवारची. नट म्हणजे ओळखीपाळखीची माणसं. ज्याचा खून होतो तो घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा झाले वाचनालयातले निवृत्त कारकून. फौजदार झाले पाव भाजणारे शेठ, कारण खाकी शर्ट फक्त त्यांच्याकडे होता. आणि खुनी झाले आमच्या गल्लीतले पोस्टमनकाका. इतका साधा, इतका गरीब चेहरा की दारात उभे राहिले तर कोणीही आधी पाणी विचारावं. ताईने त्यांनाच खुनी केलं, यातच तिची हुशारी कळते.

गोष्ट अशी होती. घड्याळवाला म्हातारा आपल्या दुकानात मेलेला सापडतो. फौजदार सगळ्यांना भेटतो, डॉक्टरला, शेजारणीला, म्हाताऱ्याच्या जुन्या मित्राला. हा मित्र दरवर्षी आपलं एकच घड्याळ दुरुस्तीला आणणारा. एका क्षुल्लक भांडणात रागाच्या भरात त्यानेच म्हाताऱ्याला ढकललेलं असतं. शेवटच्या प्रसंगात तो घरी एकटा असतो, म्हाताऱ्याने दुरुस्त करून ठेवलेल्या घड्याळाला किल्ली देतो, ते टोले द्यायला लागतं आणि तो ऐकत राहतो. सात मिनिटं. एकही संवाद नाही.

मला या सिनेमात एकच काम होतं. घड्याळाच्या दुकानातली म्हाताऱ्याची खुर्ची. चष्म्याच्या दुकानाला रविवारी सुट्टी असायची, तिथे घड्याळं मांडून पहिला प्रसंग झाला. माझ्यावरचे कपडे उचलले गेले, मला ओल्या फडक्याने पुसलं आणि दिव्यासमोर ठेवलं. कितीतरी वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे नीट बघत होतं. मी अगदी हरखून गेले.

कारकूनकाका मेले खरे, पण त्यांना श्वास धरवेना. पोट आपलं वरखाली, वरखाली.

"काका, तुम्ही मेलाय," ताई हात जोडून म्हणाली.

"मला माहितीय गं, पण पोटाला कोण सांगणार?" काका डोळे मिटूनच म्हणाले.

या सगळ्यात ताईला खरा आधार होता तो मावशीचा. मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. चाळीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती. कोणत्या रुग्णाला कधी काय दिलं हे लिहून ठेवायची सवय हाडात मुरलेली. ताईने तिला नोंदवही दिली. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी होतो. आज एक तुकडा, पुढच्या रविवारी दुसरा. मधल्या काळात शर्टाचं बटण बदलता कामा नये, पेल्यातलं पाणी वाढता कामा नये. मावशी डोळ्यांत तेल घालून सगळं टिपायची. "डॉक्टर, चष्मा डाव्या खिशात. शेजारीण, वेणी उजवीकडून पुढे. फौजदार, वरून तिसरं बटण तुटलेलं, कारण दीर्घ श्वास घेतला."

फक्त मावशीचे गुडघे दुखायचे. उभ्याने लिहिणं तिला जमायचं नाही. म्हणून जिथे शूटिंग असेल तिथे ती मला घेऊन जायची आणि माझ्यावर बसून लिहायची. ताई "चला, सुरू" म्हणाली की मावशी लगबगीने उठून कॅमेऱ्यामागे पळायची. मी मात्र होते तिथेच राहायचे.

आलं लक्षात? तिने सगळ्या जगाची नोंद ठेवली. जिच्यावर बसून नोंद ठेवली, तिची नाही ठेवली.

पोलीस चौकी, डॉक्टरची खोली, शेजारणीचं घर, खुन्याचं घर, या सगळ्या जागा म्हणजे आमच्याच मागच्या दोन खोल्या होत्या. पडदे बदलायचे, भिंतीवर नकाशा लावायचा की चौकी झाली. नकाशा काढून औषधाच्या बाटल्या मांडल्या की दवाखाना. रात्रीचा प्रसंग भर दुपारी दोन वाजता व्हायचा. सगळ्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या आणि आत माणसं घामाने भिजून "काय थंडी पडलीय" म्हणायची. पुढच्या कारखान्यात बाबांची करवत चालूच. बाबा म्हणजे तो सुतार, आता केस पिकलेला.

"बाबा, फक्त दहा मिनिटं थांबवा ना," ताई विनवायची.

"तुझं खोटं आहे, माझं खरं आहे," बाबा म्हणायचे आणि करवत परत घरघरायला लागायची.

बाबांना सिनेमाचा राग नव्हता, काळजी होती. चष्म्याच्या दुकानाचे मालक दुसऱ्या गावी नवी शाखा उघडणार होते आणि ती सांभाळायला त्यांना ताईच हवी होती. मोठं काम, मानाचं काम. पण तिथे रविवारही मोकळा नसणार होता. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. दोन वर्षांचे रविवार घालवून सिनेमा पुरा झाला तेव्हा बाबा ताईला समोर बसवून म्हणाले,

"एकदा लोकांना दाखव. लोक शेवटपर्यंत बसले तर तू खुशाल दुसरा सिनेमा कर, मी तोंडातून शब्द काढणार नाही. अर्ध्यातून उठून गेले तर ती शाखा सांभाळायला जा. कबूल?"

ताईने महिनाअखेरपर्यंतचे रविवार बोटांवर मोजले. मग म्हणाली, "कबूल."

मी कोपऱ्यात कपड्यांखाली होते, पण मी सगळं ऐकलं. मला वाटलं, बाबांनी किती नेमकं विचारलं. माणूस कुठे किती वेळ बसतो यावरूनच त्याला काय आवडतं ते कळतं. हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

वाचनालयाच्या सभागृहात रविवारी दुपारी चारला खेळ ठरला. ऐंशी खुर्च्या होत्या, लोखंडी, घडीच्या, जरा शिष्टच. मावशीने सिनेमा दाखवायच्या यंत्राशेजारी बसायला म्हणून मला शेवटच्या रांगेमागे आणून ठेवलं. सभागृह भरलं. सगळ्यांत शेवटी बाबा आले, लाकडाचा भुसा झटकत. जागा उरली नव्हती.

"भावोजी, तुम्ही हिच्यावर बसा. मी उभी राहते," मावशी म्हणाली.

"तुझे गुडघे?"

"आज गुडघ्यांकडे लक्ष आहे कोणाचं? बसा तुम्ही."

बाबा माझ्यावर मागे रेलून बसले, हात पोटावर. ही त्यांची डुलकी काढायची बैठक. माझं तर धाबंच दणाणलं.

दिवे गेले आणि पडद्यावर मी आले. केवढी मोठी. मित्रांनो, मी कधी आरसा पाहिलेला नव्हता. माझी फिकट पट्टी दुरून एवढी उठून दिसते हे मला त्या दिवशी कळलं. पण माझं कौतुक लवकरच ओसरलं, कारण कारकूनकाकांचं पोट वरखाली व्हायला लागलं आणि पहिल्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आवाज. फौजदार तोंड उघडतो आणि ऐकू येते करवत. माझ्यावर बसलेले बाबा अवघडले. रात्रीच्या प्रसंगात घोंगडीच्या भोकातून उन्हाची तिरीप आली ती थेट फौजदाराच्या नाकावर. मधल्या रांगेत तिघंजण चपला शोधायला लागले. ताई दाराशी उभी होती. तिने मान खाली घातली.

तेवढ्यात पोलीस चौकीचा प्रसंग आला आणि तिसऱ्या रांगेतल्या एका आजीबाई मोठ्याने म्हणाल्या,

"अगं बाई, ही खुर्ची त्या मेलेल्या म्हाताऱ्याची ना?"

सगळे पडद्याकडे बघायला लागले. खरंच. चौकीच्या कोपऱ्यात मी उभी होते, पांढऱ्या बटेसकट. चपला शोधणारे तिघं थांबले. पुढे डॉक्टरची खोली आली. तिथेही मी. सभागृहात कुजबुज सुरू झाली. शेजारणीचं घर आलं आणि मी दिसल्याबरोबर लोक एकदम "हं" म्हणाले.

"डॉक्टर सामील आहे," एक गृहस्थ म्हणाले.

"डॉक्टर कसला, फौजदारच. पुराव्याची खुर्ची पळवलीय त्याने," दुसरे म्हणाले.

"मग शेजारणीकडे कशी गेली?"

"हप्त्याहप्त्याने फिरवतायत."

मावशीने कपाळावर हात मारला. ताईच्या चेहऱ्याचा रंग उडाला. दोन वर्षं तिने तो सिनेमा शेकडो वेळा पाहिला होता, जोडला होता, कापला होता. पण मी तिच्या जन्माआधीपासून घरात होते. तिला मी दिसलेच नव्हते. लोकांच्या डोळ्यांतला दोष शोधणाऱ्या मुलीला आपल्या घरातली खुर्ची दिसली नाही. आणि ते तिघं चपला पायांतून काढून पुन्हा बसले. कोणीही उठेना.

मग शेवटचा प्रसंग आला.

सिनेमा संपला, दिवे लागले, टाळ्या झाल्या. गल्लीतले विज्ञानाचे निवृत्त शिक्षक उभे राहिले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, पण ते कधीच विचारण्याची वाट बघत नाहीत. "आवाज वाईट आहे," सर म्हणाले. "रात्री ऊन पडतं. प्रेत श्वास घेतं. फौजदार गुन्हेगाराच्या मागे धावतो तेव्हा आपल्यालाच त्याची काळजी वाटते. पण पोस्टमनचे डोळे, बाई, ते मी विसरणार नाही. आणि कुठे उगाच रक्त नाही, आरडाओरडा नाही. एका साध्या माणसाच्या हातून घडलं कसं, तेवढंच दाखवलंत. ते खरं वाटलं. आता फक्त एक सांगा. त्या खुर्चीचं काय?"

"हो, खुर्चीचं काय?" सगळं सभागृह विचारायला लागलं.

मावशी पुढे झाली. "खुर्ची माझ्यामुळे आली," ती म्हणाली. "माझे गुडघे दुखतात. मी तिच्यावर बसून नोंदी ठेवायचे आणि उठले की ती तिथेच राहायची. तिचा खुनाशी काही संबंध नाही."

सभागृहात असं हसू फुटलं की लोखंडी खुर्च्यासुद्धा खडखडल्या. तेवढ्यात त्या आजीबाईंनी मागे वळून पाहिलं. "ती बघा, तिथेच आहे," त्या म्हणाल्या. सगळे वळले. बाबा घाईघाईने माझ्यावरून उठले आणि लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला कोणी तेव्हा पॉलिश केलं असतं तरी इतका आनंद झाला नसता.

घरी परतताना उन्हं कलली होती. बाबांनी मला उलटी करून खांद्यावर घेतलं होतं. मावशी हळूहळू मागून येत होती. ताई बाबांच्या शेजारून चालत होती.

"लोक बसले शेवटपर्यंत," बाबा म्हणाले. "एकही उठला नाही. मी बघत होतो."

"खुर्चीसाठी बसले, बाबा," ताई म्हणाली. "आता ही कुठे निघते, ते बघायला बसले. माझ्या चुकीला बसले, माझ्या सिनेमाला नाही. असलं जिंकणं मला नको. मी उद्या मालकांना हो सांगते."

बाबा चार पावलं तसेच चालले. मग थांबले आणि मला रस्त्याच्या कडेला खाली ठेवलं.

"तो शेवटचा प्रसंग," ते म्हणाले. "पोस्टमन किल्ली देतो, घड्याळ वाजायला लागतं. तिथे ही होती का गं?"

"होती की. त्यांच्या मागेच, मधोमध. सगळ्यांत मोठी तिथेच दिसते. पूर्ण सात मिनिटं."

बाबांनी माझ्या फिकट पट्टीवरून अंगठा फिरवला. ती पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने तासली होती. अंधारातही बोटांनी ओळखतील.

"मला दिसली नाही," ते म्हणाले.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली.

"मलाही नाही दिसली," मावशी मागून म्हणाली. "आणि मी तर तिलाच शोधत होते, आता तरी नसू दे म्हणून."

मित्रांनो, याला साक्षीदार मी आहे. त्या सात मिनिटांत मी पडद्याच्या मधोमध होते आणि ऐंशी माणसांतल्या एकानेही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. त्या आजीबाईंनीसुद्धा नाही. सगळे पोस्टमनकाकांच्या डोळ्यांकडे बघत होते. आणि बाबा, जे सुरुवातीला मागे रेलले होते, ते केव्हाच सरकत सरकत माझ्या पुढच्या काठावर आले होते. त्यांचं वजन माझ्या पुढच्या दोन पायांवर आलेलं मला कळत होतं. मी आयुष्यभर कुरकुरणारी खुर्ची, पण त्या सात मिनिटांत मी हूं की चूं केलं नाही. कपड्यांच्या ढिगाखाली मी दिसत नव्हते तेव्हा मला वाईट वाटायचं. त्या दिवशी मी कोणालाच दिसले नाही आणि मला धन्य वाटलं.

ताई माझ्यावर बसली, तिथेच, रस्त्याच्या कडेला, आणि डोळे पुसत हसायला लागली.

"लाकूड कमी पडलं होतं तेव्हा," बाबा म्हणाले. "तुझी आई हसली होती हिला बघून. पण बसली ती हिच्यावरच." मग दुसरीकडे बघत म्हणाले, "पुढच्या वेळी आवाजाचं बघ. रविवारी करवत मी बंद ठेवीन."

शाखेवर दुसरं कोणीतरी गेलं. ताईचा दुसरा सिनेमा सुरू झाला आहे. मावशीच्या नव्या नोंदवहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, "खुर्ची बाहेर नेली का?" मी आता कॅमेऱ्यामागे असते. बाबा रविवारी करवत बंद ठेवून माझ्यावर बसायला येतात आणि मध्येच म्हणतात, हा माणूस खोटं रडतोय. मावशी बिचारी उभी राहते. तिच्यासाठी बाबांनी आता एक स्टूल करायला घेतलं आहे. त्याला सागवान पुरेल असं म्हणतात, बघू.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची आठवण ठेवा. आम्हाला फरफटत नेऊ नका, उचलून न्या. कुरकुरलो तर खिळा ठोकून बघा, लगेच माळ्यावर टाकू नका. आणि कोणी आपल्या तुटपुंज्या सामानातून काही घडवून तुमच्यासमोर ठेवलं तर त्यातली फिकट पट्टी जरूर दाखवा, तिला पोटभर हसाही. फक्त त्याआधी चपला शोधू नका. शेवटचा प्रसंग अजून बाकी असतो. तोवर बसा. तुम्हाला पेलायला आम्ही आहोत.